माझे दिवे का मिणमिणले

मित्रांनो, आठवडी बाजारात मला लांबून पाहिलंत तर पटकन ओळखणार नाही. खाली पत्र्याची पेटी, दोन चाकं आणि वर चार दांड्यांवर उचलून धरलेलं छप्पर. मधल्या जागेत चारी बाजूंनी जाड कापड. छप्पर खाली घेतलं की मी जीपमागे बांधायची साधी सामानाची गाडी होते. वर केलं की माझ्या पोटात माणूस ताठ उभा राहतो. मी एक जुनी, घडी होणारी कॅम्पर आहे.

कुडाळच्या एका शेडमध्ये गुरुप्रसाद नावाच्या वेल्डरने मला घडवलं. पहिली चार वर्षं मी देवबागच्या किनाऱ्यावर होते. पर्यटक माझ्यात झोपत, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. मग तिथे पक्क्या खोल्या झाल्या आणि मला माडांच्या आड लोटून दिलं. दोन वर्षं खारा वारा माझ्या सांध्यासांध्यांत शिरत राहिला. कुणी विचारपूस केली नाही.

तिथून मला भिकाजीकाकांनी बाहेर काढलं. काका चष्म्याचा नंबर तपासतात. रेडीपासून फोंडाघाटापर्यंत ते बाजाराच्या दिवशी जातात, आणि मी त्यांच्या जीपमागे. डोळे तपासायला आत सावली लागते आणि अक्षरांच्या तक्त्यावर स्वच्छ उजेड. माझ्या छपराला तीन दिवे होते. त्या उजेडात कितीतरी जणांना आपल्या नातवंडांचे चेहरे नीट दिसले. मला फार अभिमान वाटायचा.

मग माझे दिवे मिणमिणू लागले. काकांनी दिवे बदलले. आठवडाभर बरं चाललं, पुन्हा तेच. पुढे फ्यूज जळायला लागला. एक घातला, जळला. दुसरा घातला, तोही जळला. मी काही बोलू शकत नव्हते. मिणमिणत होते, तेवढंच माझं सांगणं.

त्या दिवशी आम्ही मालवणात होतो. उन्हात नऊ माणसं ताटकळत होती. सगळ्यांत पुढे काशीबाई. त्या अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करतात आणि नजर कमी झाल्यामुळे त्यांचं काम अडलं होतं. याआधी दोनदा त्या दिवे नाहीत म्हणून परत गेल्या होत्या. आता त्या माझ्यात मागच्या दांडीला लागून स्टुलावर बसल्या होत्या, उठायला तयार नव्हत्या.

काकांनी सँड्रीनाला बोलावलं. ती जेटीवरच्या होड्यांची वायरिंग करते. अंगात निळा शर्ट, खांद्याला हत्यारांची पिशवी.

"गो सँड्रीना, ह्यो मोठो फ्यूज दुकानातून आणलंय," काका म्हणाले. "ह्यो घाल, आजचा काम चलांदे. बाकीचा उद्या बघूया."

तिने फ्यूज हातात घेतला, पाहिला आणि परत त्यांच्या हातावर ठेवला.

"काका, फ्यूज जळता तो तुमका वाचवूक जळता. ह्यो मोठो घातलात तर तो जळूचो नाय. वायर जळतली, मगे ह्या कापड."

"लोका उन्हात उभी आसत गो!"

"माका दिसतत." ती शांतपणे म्हणाली. "काशीबाय, तुमी जरा भायर येवा."

काशीबाई कुरकुरत बाहेर आल्या.

आजवर माझ्या दिव्यांना हात लावणारे पुष्कळ आले होते. पण पहिल्यांदाच कुणी दिवा सोडून मला तपासत होतं. सँड्रीनाने आधी बॅटरीला मीटर लावला. बॅटरी ठणठणीत. मग छपराकडे जाणारी वायर सोडवून मीटरचं एक टोक तिला, दुसरं पेटीच्या लोखंडाला लावलं आणि काकांना म्हणाली, "छप्पर खाली घेवा. हळू. आता वर. थोडा अजून. थांबा!"

छप्पर पूर्ण वर पोचता पोचता मीटर चिरकला. तिने तीनदा तेच करून पाहिलं. दर वेळी त्याच जागी. मग ती मागच्या दांडीपाशी वाकली आणि कापड बाजूला केलं.

दांडी आणि लोखंडी पट्टी यांच्यामध्ये वायर चेमटली होती. छप्पर वर-खाली होताना तिचं प्लास्टिक सोलवटून आतलं तांबं लोखंडाला टेकत होतं. शेजारी कापडावर रुपयाएवढा काळा डाग होता. काशीबाई बसल्या होत्या तेव्हा तिथपासून त्यांच्या पाठीचं अंतर वीतभर होतं.

काका त्या डागाकडे पाहत राहिले. हातातला मोठा फ्यूज त्यांनी मुठीत घट्ट आवळला होता.

"माझ्या हातान काय झाला असता गो," ते हळूच म्हणाले.

"झाला नाय ना? मगे ती टॉर्च धरा."

तिने ओरडा केला नाही, उपदेशही केला नाही. खराब तुकडा कापला, नवी वायर रबरी नळीतून ओवली, नळी छपराला स्क्रूने बसवली, छप्पर वर जाताना ताण पडू नये म्हणून थोडी ढिली ठेवली. मग पेटीच्या लोखंडाला जोडलेली वायर उघडली. खाऱ्या वाऱ्याने तो सांधा हिरवा पडला होता. आधीचं मिणमिणणं त्याच्यामुळे होतं. तो तिने घासून लख्ख केला आणि त्यावर ग्रीस लावलं. शेवटी पूर्वीच्याच मापाचा फ्यूज घातला.

"आता छप्पर धा वेळा वर-खाली करा."

"धा?" काका म्हणाले. पण त्यांनी केलं. काशीबाई मोठमोठ्याने मोजत होत्या. दहाव्या वेळीही तिन्ही दिवे स्थिर जळत होते.

काशीबाईंना चष्म्याचा नंबर लागला. तपासणीच्या चौकटीत भिंगं बसवताच त्यांनी कनवटीची सुई काढली, दोरा ओवला आणि सगळ्यांना दाखवला.

"आता तू बस," काका सँड्रीनाला म्हणाले. "तू मीटर नाकाशी धरून बघतंस."

"माझे डोळे बरे आसत."

"बस म्हणतंय ना."

ती बसली. काकांनी दोन भिंगं बदलली. सँड्रीनाने मान वर केली आणि छपराकडे पाहिलं. मग म्हणाली, "थंय एक स्क्रू वाकडो बसलोहा. मीच लावलंय." आणि ती जड चौकट नाकावर तशीच ठेवून तिने पुन्हा पिशवी उघडली.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी वस्तू कुरकुरली, मिणमिणली तर तिला कसंतरी गप्प करू नका. जरा थांबून तिचं दुखणं शोधा. आणि ते शोधणारा माणूस तुमच्याकडे आला, तर त्याला घाई करू नका.