चंपाबाईंचं सांगणं

चंपाबाईंचा मुलगा महेंद्र तेव्हा दोन वर्षांचा होता. तापाने फणफणलेल्या त्या पोराला खांद्यावर टाकून चंपाबाई डोंगर उतरल्या, आणि अलोऱ्याच्या दवाखान्याच्या दाराशी पोचेपर्यंत पोर थंड पडलं. नवरा मुंबईला. मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं. वाटेत बसत बसत गेली म्हणून पोर हातचं गेलं, असं सासू म्हणाली. सासू गेली, तरी जाऊ काशी तेच म्हणत राहिली. चाळीस वर्षं झाली, लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

यंदा मुंबईच्या मंडळाने बुद्धपौर्णिमेला गावाची स्मरणिका काढायचं ठरवलं, तेव्हा चंपाबाईंनी आपणहून लेकीला सांगितलं, त्यात माझं सांगणं घाल, मी कशी गेले ते एकदा सगळ्यांना कळू दे. लेक स्वप्ना पालीला हायस्कुलात मराठी शिकवते. तिने मोबाइलवर आईचं बोलणं घेतलं. चंपाबाई सुटल्या त्या 'नि मग', 'नि मग' करत. ओढा नि चढण नि करवंदीची जाळी नि मानेवर पोराचा कढत श्वास, सगळं एका दमात. शेवटी बसल्या जागी त्यांना धाप लागली.

स्वप्ना लिहायला बसली आणि तिच्यातली मराठीची बाई जागी झाली. जित्याची खोड ती. वर्गातल्या पोरांना स्वल्पविरामावरून रडवणारी ही, आईला बरी सोडेल! सगळे 'नि मग' गाळले, स्वल्पविराम जिथल्या तिथे दिले, लांबलचक वाक्यं तोडून नीट केली. बोट ठेवायला जागा उरली नाही. मोबाइल भरला होता, म्हणून आईचं बोलणं तिने पुसूनही टाकलं.

पौर्णिमेला विहारात तिच्याच वर्गातल्या स्नेहलने लेख वाचला. स्वल्पविरामाला थोडं थांबायचं, पूर्णविरामाला जास्त, हे बाईंनीच शिकवलेलं. "मी ओढा ओलांडला, चढण चढले, जाळीपाशी आले." पोरगी गोड आवाजात थांबत थांबत वाचत होती. ऐकता ऐकता स्वप्नाच्या ध्यानात आलं. ही जीव तोडून धावणारी आई नव्हतीच. सावकाश फिरायला निघालेली कुणी बाई होती.

पुढच्या रांगेतली काशी शेजारणीकडे वळून म्हणाली, "बघ, दम खातच गेली ना?"

चंपाबाईंनी ते ऐकलं. टाळ्या संपेपर्यंत त्या मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. घरी येताना लेकीला म्हणाल्या, "बरा लिवलंस गो. पण वाटंत पाय थांबला नव्हता माजा. तू जागोजाग बसवलंस मला."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं स्वप्नाला वाटलं. जे आईच्या सासूने केलं, काशीने केलं, तेच आपण केलं, आणि वर छापून घरोघर वाटलं. स्मरणिका तर दुसऱ्याच दिवशी मुंबईला गेल्या. तिला आठवडाभर अन्न गोड लागेना.

रविवारी ती आईपुढे जाऊन बसली. म्हणाली, "आये, परत सांग. तू बोलशील तसंच ठेवीन."

चंपाबाई पदर सावरून ताठ बसल्या.

"पोराला खांद्यावर घेतला," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. "वढा वलांडला." पुन्हा थांबल्या.

"आता बरोबर बोलतंय ना गो?"