कोरी मागची बाजू

मार्लिसने कॉफीची किटली हातात घेतली, कारण प्रत्येक टेबलाशी थांबायला काहीतरी निमित्त हवं होतं. चर्चच्या तळघरात लुटफिस्कचं वार्षिक जेवण चाललं होतं. लिबलिबीत मासा, वर वितळलेलं लोणी आणि जेवायला अख्खं गाव. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात माणसं एरवी एका जागी सापडत नाहीत, आणि मतदानाला नऊच दिवस उरले होते.

गावातला वृद्धाश्रम नाताळात बंद पडणार होता. मतदारांच्या कौलाने मिनेसोटाच्या घटनेत दुरुस्ती होऊन विक्रीकरातला ठरावीक वाटा लहान गावांच्या आश्रमांना मिळाला, तरच तो वाचणार होता. तिचा नवरा ऑर्विल तीन वर्षं तिथेच होता. त्याला आता कुणी ओळखू येत नव्हतं, पण घास तो फक्त मार्लिसच्या हातून घ्यायचा. पुढचा आश्रम नव्वद मैलांवर, आणि मार्लिसचा एक डोळा गेलेला. बर्फात तिथवर रोज कोण गाडी हाकणार?

ती दारोदार फिरली होती. सगळे हसून ऐकून घ्यायचे, वर केकचा तुकडा द्यायचे. तोंडावर नाही म्हणायची इथे रीतच नाही. त्यामुळे कोण आपल्या बाजूचं आणि कोण नाही, हे देवालाच ठाऊक.

आज ती प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होती; दारोदार फिरताना नुसतं 'आश्रम वाचवा' एवढंच म्हणून झालं होतं. प्रश्न मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला आहे, कागद उलटायला विसरू नका. आणि तो कोरा सोडू नका, कारण घटनेच्या बाबतीत कोरं म्हणजे 'नाही'. मतदानाला आलेल्या सगळ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी 'हो' म्हणावं लागतं.

खिडकीजवळच्या टेबलावर आर्डिस होती. चाळीस वर्षांची मैत्रीण, ऑर्विल घरी होता तेव्हा रविवारी चौघं मिळून पत्ते खेळायची. मार्लिसने तिच्या कपात कॉफी ओतली आणि तेच सांगायला सुरुवात केली. आर्डिसने काटा खाली ठेवला.

"अगं, मी तर केव्हाच पोस्टाने पाठवलं," ती म्हणाली. "ते मागचं वाचलं तीनदा. एकच वाक्य, पण त्याला शेंडा ना बुडखा. उगाच चुकीचं काही होऊन तुझ्या ऑर्विलचं नुकसान नको, म्हणून सोडलं कोरं."

"कोरं का सोडलंस गं?"

"तूच सांगायचीस की."

मार्लिसने किटली टेबलावर ठेवली. बावीस वर्षं ती मतदान केंद्राच्या टेबलामागे बसली होती. यंदा प्रचार करता यावा म्हणूनच ते काम सोडलं होतं. मतपत्रिका हातात देताना तिचं वाक्य ठरलेलं असे: जे कळत नाही ते कोरं सोडा, मत बाद होत नाही. न्यायाधीश निवडायचे असोत की जिल्ह्याची पदं, ते खरंच होतं. घटनादुरुस्ती क्वचित कधी यायची, आणि तेवढ्यासाठी वाक्य लांबवायचा तिला कंटाळा यायचा.

शेजारी बसलेला डेल, तिच्या जुन्या शेजाऱ्याचा मुलगा, खाकरला. "आम्हीपण तसंच केलं, काकू. आईनेही. तुमचं वाक्य तोंडपाठ आहे आमच्या घरी."

पलीकडच्या बाकावर दोघींनी माना डोलावल्या. कुणाच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता. उलट, तिचा शब्द पाळल्याचं समाधान होतं. पोस्टात पडलेली मतपत्रिका बदलून घ्यायची मुदतही उलटली होती, आणि म्हाताऱ्यांच्या या गावात बहुतेकांनी पोस्टानेच मत दिलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. रागवायचं कुणावर? तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"काही चुकलं का गं आमचं?" आर्डिसने विचारलं.

"नाही," मार्लिस म्हणाली. "मासा गार होतोय तुझा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आश्रमात गेली. ऑर्विलच्या गळ्याला रुमाल बांधला, कुस्करलेल्या बटाट्याची बशी त्याच्यासमोर ठेवली आणि चमचा त्याच्याच मुठीत दिला.

"स्वतः खा बघू आता," ती म्हणाली. "शिकायला हवं."

चमचा त्याच्या हातातून मांडीवर पडला. तो तिच्याकडे तोंड उघडून बघत राहिला. तिने पाच मिनिटं वाट पाहिली, मग चमचा पुसून पुन्हा त्याच्या मुठीत दिला.