चालू ठेवलेली गाडी

प्रमोदिनी साठे यांनी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात उभी हयात काढली आणि अंडर सेक्रेटरी म्हणून त्या निवृत्त झाल्या. एवढ्या नोकरीत एक गोष्ट त्या पक्की शिकल्या होत्या. तोंडी उत्तर हे उत्तर नसतं, आणि ज्याला उत्तर द्यायचं नसतं तो हसून चहा मागवतो. त्यामुळे नोएडातल्या डीलरकडे तिसऱ्यांदा गाडी घेऊन गेल्यावर सर्व्हिस ॲडव्हायझर अंकुर "मैडम, पहले चाय तो लीजिए" म्हणाला, तेव्हाच त्यांनी ओळखलं की याही खेपेला ही माणसं आपल्या तोंडाला पानं पुसणार.

गाडीचं दुखणं जुनंच होतं. सकाळी सुरू केली की इंजीन थरथरायचं, गाडी पहिल्या गिअरला आचके द्यायची, फ्लायओव्हर चढताना तिला दम लागायचा, आणि समोरचा पिवळा दिवा काही विझायचा नाही. पहिल्या वेळी डीलरने टाकीत कसलंसं औषध ओतलं आणि गाडी धुऊन चकचकीत करून परत दिली. काही दिवस बरे गेले, मग ये रे माझ्या मागल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी पेट्रोलवर खापर फोडलं. "आपके पंप का पेट्रोल ठीक नहीं है, मैडम," असं अंकुर म्हणाला होता, जणू काही पंप प्रमोदिनीबाईंच्या माहेरचा होता.

या वेळी मुलगा सोबत होता. चिन्मय गुरुग्रामला एका कंपनीत होता, आणि आज खास सुट्टी काढून आला होता. वाटेतच त्याने आईला बजावलं होतं.

"आई, हा बिल्कुल लास्ट चान्स हं. आज रिपेअर करून देतो म्हणाले तर ठीक, नाहीतर एक्सचेंजमध्ये देऊन टाकू. यार, तू आठवड्यातून एकदा भाजीला नेतेस ती. त्यासाठी कॅब आहे, मेट्रो आहे. कशाला डोक्याला ताप?"

प्रमोदिनीबाईंनी मान हलवली, कारण मुलाचं म्हणणं रास्त होतं. भाजीसाठी गाडी लागत नव्हतीच. ती कशासाठी लागते हे त्यांनी त्याला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तो त्यांना त्याच दिवशी गुरुग्रामला उचलून घेऊन गेला असता.

पती सूर्यकांतरावांच्या माघारी गेलं दीड वर्ष त्या रोज सकाळी मयूर विहारच्या फ्लॅटमधून खाली उतरत. गाडीचं दार उघडून इंजीन सुरू करत. मग पुढून वळसा घालून डावीकडच्या सीटवर, म्हणजे स्वतःच्या सीटवर, जाऊन बसत. चहा प्यायला लागतो तेवढा वेळ. इंजीन घुमत राही, काच थरथरे, आणि बाईंना बरं वाटे. सोसायटीतल्या लोकांनी आपापसात ठरवून टाकलं होतं की साठे आंटी बॅटरी उतरू नये म्हणून काळजी घेतात. पुढे पुढे तर शेजारचे भटनागर आपल्या बायकोला त्यांचं उदाहरण द्यायला लागले.

बॅटरीची काळजी कोणाला होती? इंजीन चालू आहे याचा अर्थ बाईंच्या लेखी जन्मभर एकच होता: हे खाली थांबलेत.

दिल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून लोक कपाळाला हात लावतात. सूर्यकांतरावांनी त्यावर तोडगा काढला होता. गाडी लावायचीच नाही. रस्त्याच्या कडेला उभी करायची, इंजीन चालू ठेवायचं आणि म्हणायचं, "तू ये जाऊन, मी आहे." एरवी हा माणूस काटकसरीचा पुतळा. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा, गिझरच्या बटणावर तर त्यांचा पहाराच असे. पण गाडीचं इंजीन त्यांनी कधी बंद केलं नाही. पोलीस आला तर पुढे सरकता येतं, असं ते म्हणायचे. बाईंना वाटायचं, बंद केलं तर बायको आणखी वेळ लावेल अशी त्यांना भीती असावी. आय.एन.ए. मार्केटात सुरमई बघताना, चिन्मयच्या शाळेच्या फाटकाशी, पहाडगंजला महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, कुठेही बाई आत गेल्या की बाहेर इंजीन घुमत असायचं.

आणि मुनिरका. दर होळीला बाई भल्या पहाटे उठून पुरणपोळ्या करायच्या, कारण मुनिरक्याच्या भाड्याच्या खोल्यांत मराठी पोरं राहायची. कोणी शिकायला आलेलं, कोणी परीक्षांच्या तयारीला. सणाला घरी जाता न आलेली ती पोरं डबा हातात पडला की आधी वास घ्यायची आणि मग नमस्कार करायची. बाई एकेका खोलीत रेंगाळायच्या. कोणाची आई आजारी, कोणाचा निकाल अडलेला, हे सगळं ऐकल्याशिवाय त्यांचा पाय निघायचा नाही. खाली त्या बोळात दोन स्कूटरसुद्धा धड जात नसत. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे, आणि सूर्यकांतराव खिडकीतून हात काढून शांतपणे सांगायचे, "बस भाईसाहब, आ ही रही हैं." स्वतः त्यांनी बायकोला बोलवायला एकदाही हॉर्न वाजवला नाही. अंधाऱ्या जिन्यावरून उतरताना बाईंना आधी इंजिनाचा आवाज यायचा आणि मग गाडी दिसायची. किती सुखाचा आवाज होता तो! तेव्हा त्यांना तो आवाज आहे हेसुद्धा कळत नव्हतं.

आधी जुनी मारुती होती. ही पांढरी गाडी सूर्यकांतरावांनी निवृत्तीनंतर घेतली, आणि थांबायची सवय नव्या गाडीतही जशीच्या तशी आणली.

तर चहा आला आणि त्यापाठोपाठ सर्व्हिस मॅनेजर भसीन आले. टाय, अत्तर आणि हातात टॅब. या वेळी त्यांनी इंजिनात बारीक कॅमेरा घालून फोटो काढले होते. भसीननी नीट समजावून सांगितलं. या इंजिनात पेट्रोल थेट आत पडतं, त्यामुळे हवा ज्यातून आत येते ते वॉल्व्ह कधी धुतले जात नाहीत. त्यांच्यावर कार्बन साचतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो.

"तो साफ़ कर दीजिए," बाई म्हणाल्या. "गाड़ी वॉरंटी में है."

"यही तो दिक्कत है, मैडम. ये डिफेक्ट नहीं है, यूसेज का मामला है. वॉरंटी में नहीं आता. मैं तो कहूँगा एक्सचेंज कर लीजिए, नया मॉडल बहुत अच्छा आया है."

चिन्मयने आईकडे पाहिलं. झालं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"ठीक है," बाई म्हणाल्या. "यही लिखकर दे दीजिए. वॉरंटी में क्यों नहीं आता, किस नियम से नहीं आता, और पिछली दो बार आपने किस बीमारी का इलाज किया. नीचे आपका नाम, पद और मुहर."

भसीन हसले. बाई हसल्या नाहीत. मंत्रालयात या एका वाक्यावर त्यांनी भलेभले ठेकेदार जमिनीवर आणले होते. नाही म्हणायला कोणाचं काही जात नाही, पण 'नाही' लिहायची वेळ आली की माणसाला आपलं निवृत्तिवेतन आठवतं.

भसीनना निवृत्तिवेतन नसावं, पण त्यांनी पवित्रा बदलला. "मैडम, एक बात बताइए. गाड़ी चली बहुत कम है. खड़ी-खड़ी स्टार्ट रहती है क्या?"

"अरे नहीं," चिन्मय घाईने म्हणाला. "गाड़ी तो बस..."

"रहती है," बाई म्हणाल्या. "रोज़ सुबह. डेढ़ साल से."

चिन्मय चमकला. "आई?"

"नंतर सांगते." टिपणीत मत वाटेल ते मांडावं, पण खोटी माहिती लिहू नये, ही त्यांची जुनी शिस्त होती. त्यापायी आपला पक्ष लंगडा होतोय हे कळत असूनही त्या खोटं बोलल्या नाहीत. "रहती है. लेकिन आपकी वॉरंटी की किताब मैंने पूरी पढ़ी है. उसमें धूल लिखा है, पानी लिखा है, चूहे तक लिखे हैं. ये कहीं नहीं लिखा. लिखा हो तो दिखाइए."

भसीननी ते पुस्तक जन्मात उघडलं नव्हतं. त्यांनी टॅब पुढे केला. "आप ख़ुद देखिए. डेढ़-दो साल में इतना नहीं जमता. परत पर परत है. ये गाड़ी पहले दिन से खड़ी-खड़ी चलती रही है. कोई इसमें बैठकर इंतज़ार करता होगा."

बाईंनी चष्मा लावला. फोटोत कढईच्या बुडाला धरतात तशी काळी, खरखरीत पुटं होती. एकावर एक चढलेली. त्या बघत राहिल्या. कुठलं पुट कुठल्या दिवसाचं हे कोण सांगणार? मार्केटातली सुरमई, बँकेतली रांग, शेवटच्या होळीचा मुनिरका, गुडघे दुखत असताना उतरलेला तो जिना. आपण दुकानात साडीचा पोत बघत बसलो, शिंप्याशी वाद घालत बसलो, तेवढा वेळ तो माणूस बाहेर बसला होता, आणि ते सगळं बसणं इथे साचून राहिलं होतं. सूर्यकांतरावांनी कधी तोंडाने म्हटलं नव्हतं की तू फार वेळ लावतेस.

"मेरे पति," बाई म्हणाल्या. "मैं अंदर जाती थी, वो बाहर गाड़ी चालू रखते थे. हमेशा. ये उन्हीं का है."

चहा तसाच निवत राहिला. भसीन उठून केबिनमध्ये गेले आणि बराच वेळ फोनवर बोलत राहिले. ते कागदाला भ्यायले की बाईंच्या त्या वाक्याला, हे त्यांचं त्यांना ठाऊक. परत आले तेव्हा म्हणाले, "कंपनी मान गई है. गुडविल में, बिना पैसे के करवा देते हैं. बस, एक रिक्वेस्ट है मैडम. साफ़ होने के बाद खड़ी-खड़ी मत चलाइएगा, वरना फिर यही होगा. और पहले ही दिन हाईवे पर नीचे के गियर में लंबी दौड़ा दीजिएगा."

जिंकल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. बाईंना तो झाला नाही. गाडी राहणार होती, पण ज्यासाठी ती राहायला हवी होती तेच आता करायचं नव्हतं. आणि ती काजळी? ती खरवडून काढायची म्हणजे काय काढायचं, हे भसीनला सांगून समजलं नसतं. एक क्षण त्यांना वाटलं, म्हणावं, राहू द्या, तशीच आचके देत चालेल. पण कोंडलेल्या श्वासाची गाडी किती दिवस ओढणार? त्यांनी सही केली.

परतीच्या मेट्रोत त्यांनी चिन्मयला सगळं सांगितलं. तो चिडेल असं त्यांना वाटलं होतं. तो चिडला नाही, नुसता त्यांची पर्स स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला.

गाडी तयार झाल्याचा फोन आला तेव्हा दोघं पुन्हा गेले. अंकुर खुशीत होता. कार्बन काढायला अक्रोडाच्या टरफलांची भुकटी जोरात मारावी लागते, हे तो बाईंना पुन्हा पुन्हा सांगत होता, जणू काही शिऱ्याची कृती सांगतोय. चिन्मय कागदपत्रं करायला आत गेला. अंकुरने गाडी समोर आणून लावली आणि उतरून दार धरून उभा राहिला.

"स्टार्ट कीजिए ना," बाई म्हणाल्या.

"स्टार्ट ही है, मैडम," अंकुर अभिमानाने म्हणाला.

बाईंनी बॉनेटवर हात ठेवला. हाताला ऊब लागली, बाकी काही नाही. थरथर नाही, घरघर नाही. "बहुत अच्छा किया," त्या म्हणाल्या आणि डावीकडचं दार उघडून बसल्या. त्यांच्या शेजारी रिकामी सीट होती. आजवर इंजीन घुमत असताना त्या सीटवरचा माणूस नुसता गप्प बसलाय असं वाटायचं. त्यांचा स्वभावच होता तो, गाडीत फारसं बोलायचे नाहीत. आता इतकं शांत होतं की शेजारी कोणी नाही हे ऐकू येत होतं.

चिन्मय येऊन त्या सीटवर बसला. गाडी एक्सप्रेसवेला लागली. रस्ता मोकळा होता आणि फेब्रुवारीचं ऊन काचेतून मांडीवर येत होतं.

"कशी चालतेय?" त्याने विचारलं.

"चिन्मय," बाई म्हणाल्या, "बाबा गेले रे."

दीड वर्षात हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं. लोकांनी उच्चारलं, चिन्मयने नातेवाइकांना फोन करकरून उच्चारलं, त्या मात्र 'हे असते तर' आणि 'ह्यांना आवडायचं' यांच्यावर वेळ मारून नेत होत्या. आता त्या रडू लागल्या. ओक्साबोक्शी नाही, पण थांबवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

"हो आई," चिन्मय म्हणाला. कडेला घेऊन थांबावं का, असं त्याला वाटलेलं बाईंच्या लक्षात आलं, आणि त्यांनी हातानेच नको म्हणून सांगितलं. मग त्याने भसीननी सांगितल्याप्रमाणे गिअर खाली घेतला आणि गाडी पळवत ठेवली.