मधल्या तारेचं तापमान

माझ्या नाकावर राग असतो हे ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला त्याची कधी लाज वाटली नव्हती. चोवीस वर्षं मी एकच काम करते आहे. लोखंडी नळीत वाटाण्याएवढे दाणे ठासून भरलेले असतात. त्यांच्यातून तापलेला वायू जातो आणि दाण्यांवर रासायनिक क्रिया होऊन आणखी उष्णता निघते. ती वायूबरोबर किती निघून जाईल, नळीच्या भिंतीला किती पोचेल आणि मधोमध किती साचेल, हे मी आधी गणिताने सांगायचं. भडभुंजा वाळूत हात न घालता सांगतो ना, फुटाणे कधी होतील, तसंच. माझं चुकलं तर मात्र नळी फुटते.

हरियाणातल्या एका कारखान्यात अशीच मोठी नळी सोमवारी सुरू व्हायची होती. ती सुरक्षित आहे असं लिहून सही करायची जबाबदारी माझी. आमच्या साहिबाबादच्या छोट्या प्लँटमध्ये तशीच छोटी नळी होती; तापमान मोजायला तिच्यात सोडलेल्या तारांनी दोन वर्षं दिलेले आकडे माझ्या गणिताशी जुळत होते. शनिवारी दुपारी रिपोर्ट जाणार होता आणि त्यावर दुसरी सही अक्षयाची हवी होती.

अक्षया सहा महिन्यांपूर्वी लागलेली, दिल्लीतच वाढलेली मराठी मुलगी. शुक्रवारी म्हणाली, सही करण्याआधी एक रीडिंग स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. मी तिला सुनावलं की आकडे तंतोतंत जुळताहेत, आणखी काय हवं? तिने आधी तंतोतंत म्हणजे काय ते विचारून घेतलं.

"तोच तर प्रॉब्लेम आहे, मॅम," ती म्हणाली. "थोडं तरी इधर-उधर व्हायला पाहिजे ना."

शनिवारी सकाळी मयूर विहारहून मी तिला कॅबमध्ये घातलं आणि निघाले. एकदा तोंडावर पडली की शहाणी होईल, असा माझा हिशेब होता. खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत मीही प्लँटमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. आकडे ईमेलने येत होते आणि छान येत होते.

तिथला ऑपरेटर भालचंद्र नांदेडकडचा, अकरा वर्षं आमच्याकडे. मोठ्या नळीवर शिफ्ट इनचार्ज म्हणून सोमवारपासून तोच जाणार होता, तेही माझ्याच शिफारशीने. त्याने पेढे आणून ठेवले होते. मी एक तोंडात टाकला आणि लॉगबुक उघडलं. सकाळी आठची नोंद होती, मधल्या तारेचं तापमान ४१२.६. माझ्या गणिताचं उत्तरही तेच. मी वही अक्षयापुढे सरकवली.

ती वहीकडे बघतच नव्हती. ती मीटरसमोर उभी होती.

"मॅम, यात पॉइंट कुठाय?"

मीटरला तीनच आकडे होते, पॉइंटनंतरचा आकडा दाखवायची सोयच नव्हती. आणि ते तीन लाल आकडे होते ४७९. माझ्या तोंडातला पेढा तसाच राहिला. आधी वाटलं मी दुसऱ्याच तारेचा मीटर बघतेय. खालची पट्टी वाचली. मधली तारच होती.

मी भालचंद्रला विचारलं, हे काय आहे? तो जराही घाबरला नाही. त्याने कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता, कडा पिवळ्या पडलेला. कुठल्या तारेवर किती तापमान अपेक्षित आहे त्याचा तक्ता, माझाच, खाली माझी सही.

"मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात तार खराब आहे. तीनदा बदलली. नवी लावली तरी तेच दाखवायची. मग म्हटलं, मॅडमचं गणित कशाला चुकेल."

मला तो फोन आठवला. दोन वर्षांपूर्वी त्याने केला होता, मधे साठ-सत्तर अंश जास्त येताहेत म्हणून. मी मीटिंगमध्ये होते. म्हणाले होते, माझं गणित चुकत नाही, आधी तुमची तार बघा आणि मग मला फोन करा. त्याने परत फोन केला नाही. मीच पाठवलेले आकडे दोन वर्षं मला परत पाठवत राहिला, आणि ते किती सुरेख जुळतात म्हणून मी दोन कॉन्फरन्समध्ये टाळ्या घेतल्या.

पाचशेच्या वर दाणे एकमेकांना चिकटतात, वायूची वाट बुजते आणि भिंत मऊ पडायला लागते. छोटी नळी एकवीस अंशांनी वाचली होती. मोठी तिच्या चौपट रुंद. मी उभ्या उभ्या हिशेब केला. साडेपाचशेच्या पुढे गेला तेव्हा थांबवला. त्या नळीशेजारच्या प्लॅटफॉर्मवर सोमवारी भालचंद्र उभा राहणार होता. खोटं लिहून त्याला काहीच मिळालं नव्हतं. त्याने नुसता माझ्यावर भरवसा ठेवला होता. त्याच्यावर ओरडायला मला तोंडच नव्हतं.

मी तिथूनच कारखान्याला फोन लावला आणि सोमवारचं सगळं रद्द करायला सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, गणित चुकलंय, माझं. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. अक्षया खाली मान घालून उभी होती. तिला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं, हे मला दिसलं.

दहा वाजले. दर दोन तासांनी नोंद करायची असते. भालचंद्रने वही जवळ ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि थांबला.

"मॅडम, कोणता लिहू?"

समोर मीटरवर ४८१ होतं, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता.