एकतीस जूनचा कागद

वसुलीचे फोन सुरू झाले की घरातली माणसं कशी हळू बोलायला लागतात, पाहिलंय ना तुम्ही? जसं काही त्या फोनलाच कान आहेत! एका किल्लीवाल्याच्या घरी तर फोन इतका वाजायचा, की भिंतीवरची पाल दचकून खाली पडायची आणि बिचारी पुन्हा वर चढायची. पालीचं खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पण त्याच्या बायकोनं फोन पिठाच्या डब्यात कोंबून ठेवला होता, हे मात्र शंभर टक्के खरं.

माणूस हाताचा कसबी. तो नुसता खाकरला तरी कुलपं उघडायची, असं लोक म्हणत. त्यानं बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या कुलपांचं दुकान कर्ज काढून थाटलं आणि तिथंच फसला. त्यात आईच्या किडन्या गेल्या. दुकान बंद पडलं, व्याज मात्र चालू राहिलं. शेवटी त्यानं ठरवलं, आता कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज करायचा.

घरात दोन गाड्या. एक जुनी व्हॅन. तिच्या मागच्या भागात किल्ल्या कापायचं मशीन नटबोल्टनं पक्कं बसवलेलं. दुकान गेल्यावर सगळं घर त्या व्हॅनवरच चाललं होतं. दुसरी छोटी कार, हप्त्यावर घेतलेली. तिच्यातून त्याची बायको सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायची.

अर्जाची बातमी कळली आणि मेहुणा धावत आला. सल्ला द्यायला त्याला कधी बोलवावं लागत नसे.

"दाजी, वेडे आहात का? अर्जात व्हॅन दाखवलीत तर त्याच दिवशी ओढून नेतील. आधी माझ्या नावावर लिहून द्या. मागची तारीख टाका. सगळं थंड झालं की घ्या परत. मी काय पळून चाललोय?"

बायको दवाखान्यात होती. तिला न सांगता दोघांनी स्वयंपाकघरात बसून विक्रीचा कागद केला आणि व्हॅन मेहुण्याच्या आवारात ताडपत्रीखाली गेली. बायकोला सांगितलं, दुरुस्तीला टाकलीय.

आठवड्यानं नवराबायको कोर्टाबाहेरच्या टायपिस्टमावशींकडे गेले. तीस वर्षं त्या लोकांचे अर्ज भरून देत होत्या. चष्म्याला एका बाजूला काडी, दुसऱ्या बाजूला दोरा.

"वाहनं किती?" मावशींनी विचारलं.

"एक. छोटी कार."

बायकोनं मान वळवली. "आणि व्हॅन?"

"विकली," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "जूनमध्येच. हा कागद."

मावशींनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून ठेवला.

"किल्लीवाले, जून महिना किती दिवसांचा?"

"का हो?"

"इथं एकतीस जून लिहिलंय. हा दिवस देवानंसुद्धा अजून काढलेला नाही!"

बायकोला आधी हसूच फुटलं. मग एकदम तिचं तोंड उतरलं. "म्हणजे दुरुस्तीला नाही टाकली? आठ दिवस मी विचारतेय, गाडी कधी येणार. माझ्याशीसुद्धा खोटं बोललात?"

तो एकदम भडकून म्हणाला, "काय करणार होतो? त्या गाडीवर पोट आहे आपलं!"

"मग तेच लिहा की!" मावशींनी टेबलावर हात आपटला. "ज्या गाडीवर माणूस कमावतो, ती ठरावीक किमतीपर्यंत त्याच्याकडे राहू देतात. किती किमतीपर्यंत, ते वकिलाला विचारा. पण हे संरक्षण तुमच्या गाडीला आहे, दुसऱ्याच्या नाही. तुम्हीच म्हणालात गाडी माझी नाही, तर कायदा वाचवणार काय? धूर? आणि खोटं सापडलं की गाडी जाईल, वर कर्जातून सुटकाही मिळायची नाही."

"आणि कार?" बायकोनं विचारलं.

"तिच्यावर कर्ज आहे ना? मग हप्ते भराल तरच ती राहील. दोन्ही वाचतील अशी थाप मी नाही मारणार, बाई."

तिथून दोघं तडक मेहुण्याकडे गेले. ताडपत्री काढलेली होती. व्हॅनमध्ये मेहुण्याचे रंगाचे डबे रचलेले, आणि मशीन नटबोल्ट सोडून खाली धुळीत ठेवलेलं!

"दाजी, अहो, नुसती उभी होती, म्हटलं वापरू. आणि कागदावर तर माझीच आहे," मेहुणा हसत म्हणाला. "दाखवू कागद?"

"दाखव की," बहीण म्हणाली. "एकतीस जूनचा ना? चल, कोर्टातच दाखवू. तुझी सहीही आहे त्यावर."

मेहुण्याचं हसू गेलं. त्यानं मुकाट्यानं डबे उतरवले. किल्लीवाला धुळीत बसला आणि शर्टाच्या टोकानं मशीन पुसत राहिला. पुसता पुसता बायकोला म्हणाला, "चुकलो मी." तिनं फक्त पाना त्याच्या हातात दिला.

कागदाची गोष्टही त्यानं अर्जात लिहिली. वकील म्हणाले, आपणहून सांगितलेलं बरं. सुनावणीला अधिकारीबाईंनी विचारलं, "हे विक्रीचं काय प्रकरण?"

"खोटं होतं, बाई. भीतीनं केलं. गाडी माझीच आहे, तिच्यावरच मी कमावतो. बाहेर उभी आहे, बघून घ्या."

बाईंनी माणूस पाठवून व्हॅन बघितली, किंमत काढली, मशीनचे फोटो घेतले. व्हॅन त्याच्याकडे राहिली. कार मात्र गेली. हप्ते भरणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी बायकोनं कारमधून सासूबाईंची उशी काढली, दार हळूच लावलं आणि मागं वळून पाहिलं नाही.

आता आठवड्यातून तीनदा सासूबाई व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून डायलिसिसला जातात. त्यांना आत सोडून तो दवाखान्याच्या फाटकाबाहेर किल्ल्या कापतो. चार तास काम होतं. बायकोनं त्याच्याशी पहिल्यासारखं बोलायला मात्र पुढचे दोन महिने घेतले.

तर मंडळी, अडचण कुणावरही येते, त्यात लाज कसली! पण घाबरून आपली गाडी दुसऱ्याच्या नावावर करू नका, आणि घरच्यांपासून तर मुळीच लपवू नका. जाणत्याला आधी विचारा. जे आपलं आहे ते आपलं म्हणून लिहा, कारण जे आपलं नाहीच म्हणून आपण सांगितलं, ते आपल्यासाठी कुणीच राखून ठेवू शकत नाही.