मेणाचा शेवटचा हात

आरसेबुवांनी पॉलिश केलेल्या टेबलावर वाकून माणूस दाढी करू शकत असे. हे उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही. कारखान्यातल्या एका फोरमनने पैजेवर ती करून दाखवली होती, आणि तेव्हापासून त्यांचं खरं नाव मागे पडून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. तीस वर्षं त्यांनी लाकडाला लाखेचं पॉलिश केलं, वर मेणाचा हात दिला, आणि त्यांच्या हाताखालून गेलेलं एकही कपाट कधी तक्रार होऊन परत आलं नाही. मग फवाऱ्याने रंग मारणारी यंत्रं आली, कारखाना बंद झाला, आणि आरसेबुवा घरी बसले.

अशा माणसाच्या घरात गेली दोन वर्षं एक गोष्ट बिघडलेली होती. त्यांची बायको गाणं ऐकेनाशी झाली होती.

बाई शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. घरात त्यांच्या एकसष्ट रेकॉर्ड होत्या. खरं तर बासष्ट. पण एक त्यांनी कधीतरी शाळेच्या मुख्याध्यापिकांना ऐकायला दिली आणि ती परत आली नाही. नेमकी तीच, जिच्यात तरुणपणी त्या स्वतः गायल्या होत्या. वीस जणींचं समूहगीत, पण मध्ये दोन ओळी एकट्या बाईंच्या. त्या रेकॉर्डपायी आरसेबुवांनी मुख्याध्यापिकांना अठरा वर्षं ओळख दाखवली नव्हती. समोरून आल्या की हे रस्ता ओलांडत.

दुपारचं जेवण झालं की बाईंनी रेकॉर्ड लावायची आणि खुर्चीत डोळे मिटून बसायचं, असा घरचा नेम होता. पण रेकॉर्डमध्ये हळूहळू खरखर शिरली. आधी ती गाण्याच्या सुरुवातीला यायची, मग गाण्यातही यायला लागली, आणि शेवटी शेवटी तर खरखरीतूनच गाणं अधूनमधून डोकावायचं. एके दिवशी बाईंनी रेकॉर्डच्या मशीनवर कापड टाकलं आणि शब्दकोडी सोडवायला घेतली.

‘‘अगं, लाव की एखादी,’’ आरसेबुवा म्हणायचे.

‘‘नको हो. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं तडतडतं नुसतं.’’

गाण्यातलं ओ की ठो आरसेबुवांना कळत नव्हतं. पण गाणं ऐकताना बायकोच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते त्यांना बरोबर कळायचं. तेवढ्यासाठी ते शेजारी स्टुलावर बसून राहत. दोन वर्षं तो चेहरा दिसला नव्हता, आणि त्यांना चैन पडत नव्हतं. मशीन म्हातारं झालंय, दुसरं काय, असं त्यांनी मनाशी ठरवलं. एका सकाळी पिशवीत तीन रेकॉर्ड घातल्या आणि चष्मा दुरुस्तीला नेतो असं सांगून ते बाहेर पडले. चष्मा नाकावरच होता.

रेकॉर्डच्या मशीनचं दुकान एका जिन्याखाली होतं. चालवणारी बाई चाळिशीची, केस पेन्सिलीने वर खोचलेले. तिच्यापुढे सहा मशीनं मांडलेली. आरसेबुवांनी सवयीने प्रत्येकाच्या लाकडावरून अंगठा फिरवला आणि सर्वांत झगझगीत मशीनपाशी थांबले.

‘‘ताई, हे लाकूड नाही. लाकडाचा फोटो चिकटवलाय.’’

‘‘आणि सगळ्यात महाग तेच आहे,’’ ती हसून म्हणाली. ‘‘तुमची नजर पक्की आहे, काका.’’

मग तिने एकेक मशीन समजावून सांगितलं. झाकण लावलं की पेटी होणारं एक होतं. ‘‘हे दिसायला गोड, पण याची सुई रेकॉर्डवर नुसती टेकत नाही, नांगर धरते.’’ एकाची रेकॉर्डखालची फिरती तबकडी हलकी, त्यामुळे वेग डळमळायचा. शेवटचं मात्र साधं, अक्रोडाच्या लाकडाचं, जड तबकडीचं. त्याच्या सुईच्या दांडीमागे फिरवायचं वजन होतं. ते फिरवून सुईचा भार हवा तेवढा हलका करता यायचा, आणि सुई झिजली तर तेवढीच बदलता यायची. लाकडाला फक्त तेल दिलेलं. आरसेबुवांना ते एकदम पसंत पडलं.

‘‘तुमचीच एखादी लावून बघू,’’ ती म्हणाली.

लावली. खरखर जशीच्या तशी! तिने दुसरी लावली, तिसरी लावली. मग हट्टाने तीच रेकॉर्ड त्या महागड्या मशीनवर लावली, तर खरखर आणखी स्वच्छ ऐकू यायला लागली. तिने दांडी उचलली, सुईखाली भिंग धरलं. सुईच्या टोकाला तपकिरी गोळा जमला होता.

‘‘काका, या रेकॉर्डना काय लावलंय?’’

या प्रश्नाची आरसेबुवा अठरा वर्षं वाट पाहत होते. घरी येणाऱ्या कुणीच तो विचारला नव्हता. ‘‘मेण,’’ ते ताठ होऊन म्हणाले. ‘‘मधमाशीचं, एक नंबर. दर रविवारी तीन-चार रेकॉर्ड, पाळीने. पातळ हात द्यायचा आणि लोकरीच्या फडक्याने घासायचा. बघा, तोंड दिसेल.’’

तोंड दिसत होतं. तिने स्वतःचं पाहिलंही. दुसरं कुणी असतं तर फिदीफिदी हसलं असतं, पण ती हसली नाही. तिने रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली. ‘‘काका, गाणं या चकाकीत नसतं. हे बारीक चर दिसतात ना, त्यांच्या तळाशी असतं. तुम्ही चर बुजवलेत.’’

आरसेबुवांना पुढे सांगायची गरजच नव्हती. लाकडाची छिद्रं बुजवणं हे तर पॉलिशवाल्याचं पहिलं काम. त्याशिवाय आरसा येतच नाही. ते शेजारच्या खुर्चीत बसले. ‘‘म्हणजे खरखर मीच भरली,’’ ते म्हणाले. ‘‘अठरा वर्षं माझ्या हातांनी.’’

‘‘जे झिजलंय ते परत येणार नाही,’’ ती म्हणाली, ‘‘पण जे साचलंय ते निघतं. बसून राहू नका, इकडे या.’’ तिने कोमट पाणी घेतलं, त्यात साबणाचे दोन थेंब टाकले आणि मऊ ब्रश दिला. ‘‘हात कसा फिरवायचा, तर…’’ ती सांगायला लागली आणि थांबली. आरसेबुवांचा हात केव्हाच फिरायला लागला होता, चराच्या अंगाने, गोल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दाबाने. कोरीवकामात अडकलेलं मेण काढताना फिरायचा तसाच. तीनदा धुतली, तीनदा कोरडी केली. सुई टेकवली, तर खरखर पार विरळ झालेली, आणि ओळीच्या आधी गायिकेने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

‘‘वीस वर्षं मी हे काम करतेय,’’ दुकानवाली म्हणाली. ‘‘असा हात पाहिला नव्हता.’’

एरवी या वाक्यावर आरसेबुवांनी महिना काढला असता. आज त्यांनी मान खाली घालून अक्रोडाचं मशीन बांधून घेतलं.

घरी दारातच बाईंनी खोक्याकडे पाहिलं. ‘‘चष्मा बराच मोठा झालाय.’’

आरसेबुवांनी मशीन मांडलं, शिकवल्याप्रमाणे मागचं वजन लावलं आणि धुतलेली रेकॉर्ड ठेवली. बाई आधी नुसत्या उभ्या होत्या. मग खुर्चीत बसल्या, मग त्यांचे डोळे मिटले, आणि दोन वर्षं न दिसलेला तो चेहरा आला. आरसेबुवांना तो पाहवेना. त्यांनी हलकेच दांडी उचलली.

‘‘खरखर मशीनची नव्हती गं. माझ्या मेणाची होती. मी तुझं गाणं बुजवलं.’’

‘‘माहीत आहे मला,’’ बाई म्हणाल्या.

‘‘कधीपासून?’’

‘‘पहिल्या रविवारपासून. मी गाण्यातली बाई आहे, मला कळणार नाही?’’

‘‘मग थांब म्हणायचंस की!’’

‘‘कसं म्हणणार? कारखाना बंद होऊन महिना झाला होता. तुम्ही कुणाशी बोलत नव्हता, धड जेवत नव्हता. त्या रविवारी फडकं घेऊन बसलात, रेकॉर्ड उन्हात धरलीत आणि म्हणालात, ‘बघ, काय लकाकी आलीय!’ तेव्हा कुठे घरात तुमचा आवाज फुटला. आणि गाणी काय, मला तोंडपाठ होती. खरखरीखालूनही मी ती ऐकत होते.’’

‘‘मग बंद का केलंस?’’

‘‘डोक्यातलं गाणंही खरखरायला लागलं होतं.’’

त्या उठल्या, आतल्या कपाटातल्या गरम कपड्यांखाली हात घातला आणि एक रेकॉर्ड घेऊन आल्या. वेष्टनावर वीस मुली दोन रांगांत उभ्या होत्या. आरसेबुवा बघतच राहिले.

‘‘ही तर… मुख्याध्यापिकांनी…’’

‘‘त्या बिचारीने ही कधी पाहिलीसुद्धा नाही. बाकीच्या एकसष्ट दिल्या तुम्हाला. एवढी एक तुमच्यापासून वाचवायची होती.’’

अठरा वर्षं ओलांडलेले सगळे रस्ते आरसेबुवांना आठवले. उद्या जाऊन मुख्याध्यापिकांची माफी मागावी लागणार होती. पण तेवढ्यात सुई टेकली होती. समूह गात होता, मग थांबला, आणि एक कोवळा, स्वच्छ आवाज एकटाच वर आला. दोनच ओळी. या वेळी बाईंनी डोळे मिटले नव्हते. त्या नवऱ्याचा चेहरा पाहत होत्या. ओ की ठो न कळणारा तो माणूस ढसाढसा रडत होता. अशी बाई आपल्या वाट्याला आली आणि आपण तिला रेकॉर्डची चकाकी दाखवत बसलो, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

गाणं संपलं. बाईंनी रेकॉर्ड कडेला धरून उचलली आणि त्यांच्यापुढे केली.

‘‘धरा. इतकी वर्षं पडून धूळ बसलीय. तुमच्या हाताने पुसा.’’

आरसेबुवांचा हात पुढे आला आणि थांबला. ते उठून मोरीत गेले, बाह्या वर सारल्या आणि साबण लावून हात कोपरापर्यंत धुतले. वास घेऊन पाहिला, पुन्हा धुतले. नखांत मेणाचा कणसुद्धा उरला नाही, तेव्हा ते बाहेर आले आणि त्यांनी रेकॉर्ड हातात घेतली.