दोन सुया आणि घरजावयाचे रिले

माझा नवरा ईसाकु हातातलं काम कधी पुरं होऊ देत नाही. फळी ठोकायची म्हटली तर आधी भिंत तपासणार, मग खिळे, मग हातोडी. नमनालाच घडाभर तेल! आम्हा बहिणींना भाऊ नाही, म्हणून तो आमचं आडनाव लावून घरजावई झाला. वडिलांनी त्याला सगळं दिलं, पण रेकॉर्ड प्लेयरला हात लावू दिला नाही. म्हणायचे, हा तो एकदा उघडेल, मग नातवंडांनीच परत जोडायचा.

मात्सुमोतोतलं आमचं कॉफीचं दुकान वडिलांचं. तिथे माणसं कॉफी प्यायला कमी आणि रेकॉर्डी ऐकायला जास्त यायची. वडील गेले, आणि या वसंतात त्यांचा जुना अँप्लिफायरही धूर सोडून गेला. तेव्हापासून दुकान मुकं. गिऱ्हाईक कप संपवतं आणि चालू पडतं. शेवटी मीच नागोयाच्या रेकॉर्डवाल्याला फोन केला, सोमवारी या आणि वडिलांच्या सगळ्या रेकॉर्डी विकत घेऊन जा. वाजत नाहीत त्या ठेवून करू काय? असं ठणकावून बोलले आणि मोरीपाशी जाऊन रडले. ईसाकु एवढंच म्हणाला, "रविवारपर्यंत थांब."

रविवारी दुपारी आमच्या दुकानात घरी अँप्लिफायर बनवणाऱ्या हौशी मंडळींची बैठक असते. तोवर त्याला व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा, प्रीअँप पुरा करायचा होता. सुईतून येणारा बारीक आवाज मोठा करणारी ती पेटी. आमच्या प्लेयरला दोन हात आहेत. एकाला मोनो सुई, वडिलांच्या जुन्या रेकॉर्डींसाठी. दुसऱ्याला स्टिरिओ, ईसाकुच्या रेकॉर्डींसाठी. हवी ती सुई निवडायला पेटीच्या पुढे एक बटण. पण सुईचा आवाज इतका क्षीण, की तिची वायर पुढच्या बटणापर्यंत ओढत आणली तर वाटेत घुंघूं चिकटते. म्हणून त्याने मागे, वायरी आत शिरतात तिथेच, रिले बसवले. रिले म्हणजे विजेने उघडझाप करणारे चिमुकले स्विच. पुढे बटण फिरवा, मागे टक् करून सुई बदलते. हे मला कळतं, कारण जेवताना दुसरा विषयच नव्हता.

रविवारी मंडळी आली, सोबत नोझावानाच्या पाल्याचं लोणचं. सगळ्यांत वडीलधारे कुवाबारा-सान काखेत स्वतःची स्टिरिओ रेकॉर्ड घेऊन आले होते. व्हॉल्व्ह लालसर पेटले. ईसाकुने वडिलांची लाडकी रेकॉर्ड लावली आणि बटण फिरवलं. टक्. गाणाऱ्या बाईंचा आवाज आला, दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध. माझ्या लहानपणी त्या तिथेच उभ्या राहून गायच्या. माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

मग हळू आवाजातलं कडवं आलं आणि बाई उजवीकडे सरकू लागल्या. सरकत सरकत पार छत्र्यांच्या स्टँडमागे गेल्या. आवाज चढला की परत मधे, उतरला की पुन्हा छत्र्यांत.

पहिल्या ऐकण्यात दुसऱ्याच्या पेटीला नाव ठेवायचं नाही, ही या मंडळींची रीत. एकजण म्हणाला, किती नाजूक आवाज आहे. दुसऱ्याला त्यात गावाकडची शांतता सापडली. कुवाबारा-सान म्हणाले, गाणं अगदी चालतंफिरतं वाटतंय. आता मात्र माझं डोकं फिरलं.

"बाई दाराबाहेर निघाल्यात," मी म्हटलं, "आणि तुम्ही लोणचं खाताय."

मग सगळे उठले. व्हॉल्व्ह बदलून झाले, वायरी हलवून झाल्या. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, रिले स्वस्तातले असतील. माझ्या नवऱ्याला मी बोलेन, इतरांनी का बोलावं?

"स्वस्तातले नाहीत," मी म्हटलं. "एकेक रिले पारखून घेतलाय यांनी. गाडीचा दिवा जोडून, पेटव-विझव, पेटव-विझव. आठवडाभर मला टेबलावर जेवण वाढता आलं नाही. एकदाही दिवा चुकला नाही."

कुवाबारा-सानांच्या चॉपस्टिक्स हवेतच थांबल्या. "गाडीचा दिवा?"

ईसाकुने कपाळाला हात लावला. त्याचं त्यालाच उमगलं होतं. या रिलेंच्या आत, जिथे दोन टोकं टेकतात, तिथे सोन्याचा पातळ मुलामा असतो, असल्याच क्षीण आवाजासाठी. दिव्याच्या भाराने तो जळून गेला, डाव्या स्पीकरकडच्या रिलेतला सगळ्यांत जास्त, म्हणून बाई उजवीकडे. दिव्याची वीज दांडगी, ती धक्का मारून आत घुसते. सुईचा आवाज बिचारा दाराशीच अडतो, बाई ओरडल्या तरच आत येतो. भरवशासाठी पारखले, आणि पारखूनच वाया घालवले. अति तिथं माती. मंडळींपैकी दोघे चहात बघत बसले, त्यांच्याही घरी असेच पारखणीचे दिवे पेटलेले दिसत होते.

नवे रिले टोकियोहून यायला आठवडा लागणार, आणि रेकॉर्डवाला उद्या येणार. मी वडिलांची रेकॉर्ड उचलून पाकिटात घालायला लागले.

ईसाकुने पेटीचा प्लग काढला, व्हॉल्व्ह निवू दिले, आत साठलेली वीज काढून टाकली. मग सोल्डरिंगची कांडी तापवून सगळे रिले उपटले. त्यांच्या जागी सरळ वायर जोडायची, पण अशी एकच सुई जोडता येते. कुवाबारा-सानांनी आपली रेकॉर्ड पुसून तयार धरली. ईसाकुने डाग दिले, काही न तपासता झाकण लावलं आणि माझ्या हातातली रेकॉर्ड मागून घेतली.

हळू कडवं आलं. बाई मधोमध उभ्या राहिल्या, तसूभर हलल्या नाहीत. मी सगळ्यांसमोर रडले, नाक ओढत, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

गाणं संपल्यावर कुवाबारा-सान म्हणाले, "आता दुसरी सुई लावा."

"तिला वायर नाही."

"मग ईसाकु-सान, एवढे रिले लावायचा खटाटोप केलात कशाला?"

"या घरात वडिलांचं वाजवायचं की माझं, हे ठरवायची वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून." त्याने कांडी स्टँडवर ठेवली. "आज आली. ठरवलं."

मी गल्ल्यामागे गेले आणि नागोयाला फोन लावला. उद्या येऊ नका, रेकॉर्डी द्यायच्या नाहीत, म्हणून सांगितलं. त्याने विचारलं, दुसरं गिऱ्हाईक मिळालं का?

"हो," मी म्हटलं. "घरातलंच."